एक वीत ध्रुव, एक वीत अगस्त्य

आपल्यातल्या कितीतरी जणी संकष्टीचा उपास करतात. त्या दिवशी संध्याकाळी भिंतीवरचं कॅलेंडर उलटायचं, चंद्रोदय किती वाजता ते बघायचं आणि मग मोदकांची तयारी करायची, हे घरोघरचं चित्र. पण ते कॅलेंडर नीट वाचलं तर तिथं चंद्रोदयाची एकच वेळ नसते. मुंबईची वेगळी, पुण्याची वेगळी, नागपूरची आणखी वेगळी. नागपूरकडच्या बायकांचा उपास आपल्या आधी सुटतो. चंद्र तर सगळ्यांचा एकच आहे, मग असं का?

याचं उत्तर बहुतेकींना ठाऊक आहे. पृथ्वी फिरते, त्यामुळं पूर्वेच्या गावाला चंद्र-सूर्य आधी दिसतात, पश्चिमेच्या गावाला नंतर. आज आम्ही त्याच्या पुढची गोष्ट सांगणार आहोत. गाव पूर्व-पश्चिम बदललं की वेळ बदलते, पण गाव उत्तर-दक्षिण बदललं की आकाशच बदलतं. काही तारे वर चढतात, काही खाली उतरतात, काही कायमचे दिसेनासे होतात. ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी कशी ओळखली, तिचा उपयोग कसा केला आणि आपल्या तळेगाव दाभाडे परिसराला त्यात कोणती खास जागा मिळाली आहे, ते आज ऐकू या.

आधी गोष्ट समजून घेऊ. एक घागर पालथी घाला. घागरीच्या बरोबर वर, आढ्याला, एक दिवा टांगलेला आहे असं समजा. आता घागरीच्या पोटावर, जिथं ती सगळ्यात फुगीर असते तिथं, एक मुंगी आहे. तिला तो दिवा डोक्यावर दिसणार नाही, एका बाजूला, अगदी कडेला दिसेल. मुंगी घागरीवर वर वर चढू लागली की दिवाही तिला वर वर चढताना दिसेल. ती बुडावर पोचली, म्हणजे पालथ्या घागरीच्या माथ्यावर, की दिवा बरोबर तिच्या डोक्यावर येईल. दिवा जागचा हललेला नाही. मुंगीची जागा बदलली.

घागर म्हणजे आपली पृथ्वी, दिवा म्हणजे ध्रुवतारा आणि मुंगी म्हणजे आपण. घागरीचं पोट म्हणजे विषुववृत्त. तिथून आपण उत्तरेला जितके अंश वर आलो, त्याला अक्षांश म्हणतात. आणि सगळ्यात सोपी गोष्ट अशी की, जितका आपल्या गावाचा अक्षांश, तितकाच ध्रुव क्षितिजापासून वर दिसतो. तळेगाव सुमारे पावणेएकोणीस अंशांवर आहे, म्हणून आपल्याला ध्रुव जवळजवळ पावणेएकोणीस अंश उंचीवर दिसतो. दिल्लीला तो साडेअठ्ठावीस अंशांवर, काश्मीरात श्रीनगरला चौतीस अंशांवर, कन्याकुमारीला जेमतेम आठ अंशांवर आणि लंडनला साडेएकावन्न अंशांवर.

अंश मोजायला यंत्र लागत नाही. हात समोर सरळ ताणा आणि मूठ आवळा. त्या मुठीची रुंदी आकाशात सुमारे दहा अंश भरते. पंजा पूर्ण फाकवला तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतची वीत सुमारे वीस अंश भरते. एक बोट म्हणजे साधारण दोन अंश. हात लहान असेल तर डोळाही हाताच्या जवळच असतो, त्यामुळं लहान-मोठ्या सगळ्यांना हे माप बरंचसं सारखंच येतं. आपला ध्रुव क्षितिजापासून वीतभर उंच आहे, किंचित कमी. कन्याकुमारीला तो एका मुठीतही मावतो. दिल्लीला जवळजवळ तीन मुठी लागतात.

आता दक्षिणेकडं तोंड करा. दक्षिणेच्या आकाशात अगस्त्य नावाचा एक तेजस्वी तारा आहे. रात्रीच्या ताऱ्यांमध्ये व्याध सगळ्यांत तेजस्वी आणि त्याच्या खालोखाल अगस्त्य. त्याचं गणित ध्रुवाच्या बरोबर उलटं. उत्तरेला जावं तसा तो खाली उतरतो. कन्याकुमारीला तो जास्तीत जास्त एकोणतीस अंश वर येतो आणि रात्रीतले साडेदहा तास क्षितिजावर राहतो. दिल्लीला तो नऊ अंशांच्या आतच राहतो आणि सहा तासांत मावळतो. श्रीनगरला तीन अंश, म्हणजे डोंगराआड गेला की संपलाच. लंडनच्या माणसाला तो आयुष्यात कधी दिसत नाही.

आणि तळेगावला? तळेगावला अगस्त्य जास्तीत जास्त साडेअठरा अंशांच्या थोडा वर येतो. म्हणजे उत्तरेला ध्रुव वीतभर आणि दक्षिणेला अगस्त्यही वीतभर! दोन्ही दिशांना दोन तारे सारख्याच उंचीवर. हा योग सगळीकडं मिळत नाही. अलिबागपासून तळेगाव-चाकणपर्यंत जो पट्टा आहे, त्याच रेघेवर ही बरोबरी साधते. उत्तरेला गेलं की ध्रुवाची बाजू वर, दक्षिणेला गेलं की अगस्त्याची. आपण तराजूच्या मधल्या काट्यावर राहतो, असं म्हटलं तरी चालेल.

आपल्या आज्या-पणज्यांना अक्षांश हा शब्द ठाऊक नव्हता, पण आपल्या गावाचं आकाश त्यांना पाठ होतं. घरात घड्याळ नव्हतं. दळण पहाटे संपवायचं, तर जात्यावर कधी बसायचं हे तारे बघूनच ठरायचं. मृग नक्षत्रातल्या ओळीनं असलेल्या तीन ताऱ्यांना गावाकडं तिकांडं म्हणतात. मार्गशीर्ष-पौषात ते जवळजवळ माथ्यावर आलं की मध्यरात्र झाली, मावळतीला कललं की पहाट जवळ आली, हा हिशेब होता. सप्तर्षींना काही गावांत बाज म्हणतात. चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार खूर आणि मागचे तीन तारे म्हणजे ती बाज ओढून नेणारे तीन चोर. ही गोष्ट सांगता सांगता बाज कुठपर्यंत फिरली यावरून रात्र किती सरली ते कळायचं.

हे ज्ञान आपल्या जागेचं होतं, हे लक्षात घ्या. तीच आजी लंडनला गेली असती तर तिचा हिशेब चुकला असता. तिथं तिकांडं माथ्यावर कधी येतच नाही, आकाशाच्या अर्ध्या उंचीच्याही खाली राहतं. आपल्याकडं दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी म्हातारीची बाज सापडत नाही, कारण ती क्षितिजाखाली गेलेली असते. लंडनला ती कधी मावळतच नाही, वर्षभर रोज रात्री ध्रुवाभोवती फिरताना दिसते. म्हणून तिथल्या पुस्तकात 'हे तारे बारा महिने दिसतात' असं छापलेलं असेल तर ते तिथं खरं आहे, इथं नाही.

ही गोष्ट जुन्या ग्रंथकारांनी चांगली ओळखली होती. आपल्या सिद्धांतग्रंथांत सांगितलं आहे की मेरूवर, म्हणजे पृथ्वीच्या उत्तर टोकाला, ध्रुव डोक्यावर असतो आणि लंकेत, म्हणजे विषुववृत्तावर, तो क्षितिजाला टेकलेला असतो. सहाव्या शतकात उज्जैनच्या भागात वराहमिहिर होऊन गेले. त्यांच्या बृहत्संहितेत अगस्त्यावर एक वेगळा अध्यायच आहे. वर्षातले काही महिने अगस्त्य सूर्याच्या उजेडात लपलेला असतो आणि पावसाळा सरत आला की पहाटे पुन्हा दिसू लागतो. अगस्त्य उगवला की गढूळ पाणी निवळतं, असं आपल्याकडं पूर्वीपासून मानतात. पण तो नेमका कोणत्या दिवशी दिसेल? वराहमिहिर सांगतात की हे प्रत्येक प्रदेशासाठी गणित करून वेगळं काढावं लागतं. मग ते उदाहरणादाखल फक्त उज्जैनचं उत्तर देतात. एवढा मोठा ज्योतिषी, पण आपल्या गावाचं उत्तर सगळ्या देशाचं म्हणून खपवत नाही. दक्षिणेच्या गावांना अगस्त्य आधी दिसतो, उत्तरेच्या गावांना उशिरा. तळेगावला तो उज्जैनच्या आधी दिसायला लागतो.

अगस्त्य ऋषींची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. विंध्य पर्वत गर्वानं वाढत चालला होता. अगस्त्य ऋषी दक्षिणेला निघाले, विंध्य नमस्काराला वाकला, आणि 'मी परत येईपर्यंत असाच राहा' असं सांगून ऋषी गेले ते परत आलेच नाहीत. विंध्य ओलांडून दक्षिणेला यावं तसा अगस्त्याचा तारा वर चढत जातो. उत्तरेकडून दक्षिणेला आलेल्या वाटसरूंनी हे डोळ्यांनी पाहिलं असणारच. गोष्ट आणि तारा यांचं नातं तिथूनच जुळलं असावं, असं आम्हाला वाटतं.

गंमत अशी की याच ताऱ्याकडं बघून दूर ग्रीसमध्येही एक माणूस पृथ्वी मोजत होता. त्याचं नाव पोसिडोनियस. इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकातली ही गोष्ट. त्यानं म्हटलं, रोड्स बेटावर अगस्त्य क्षितिजाला फक्त शिवतो, पण इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात तो साडेसात अंश वर येतो. साडेसात अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा अठ्ठेचाळिसावा भाग. म्हणजे त्या दोन गावांमधलं अंतर अठ्ठेचाळीस पट केलं की पृथ्वीचा घेर मिळाला.

आपल्याकडं भास्कराचार्यांनी असाच हिशेब सांगितला. त्यांचा जन्म १११४ सालचा, सह्याद्रीच्या परिसरातला. चाळीसगावजवळच्या पाटणे इथं त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे. 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ त्यांचाच, आणि लीलावती ही त्यांची मुलगी असं परंपरा सांगते. ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'त ते म्हणतात की उज्जैन विषुववृत्तापासून पृथ्वीच्या घेराच्या सोळाव्या भागावर आहे. उज्जैनचा अक्षांश त्यांनी साडेबावीस धरला होता आणि साडेबावीस सोळा वेळा घेतले की तीनशेसाठ होतात. म्हणून तेवढं अंतर मोजा आणि सोळानं गुणा. आकाशाकडं बघून पायाखालची जमीन मोजायची ही युक्ती.

रात्र नको असेल तर दिवसाही अक्षांश मोजता येतो, आणि ते आपल्या पंचांगवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. बारा अंगुळांची काठी सपाट जमिनीवर उभी करायची. ज्या दिवशी दिवस आणि रात्र सारखी असते त्या दिवशी भरदुपारी तिची सावली किती पडते ते मोजायचं. त्या सावलीला पलभा म्हणतात. प्रत्येक गावाची पलभा ठरलेली. तळेगावची पलभा चार अंगुळांच्या आसपास येते, म्हणजे काठीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. तीन फुटांची काठी रोवली तर फुटाएवढी सावली. दिल्लीला तीच सावली काठीच्या निम्म्याहून थोडी जास्त पडते.

दर्यावर्दी लोक हेच माप बोटांनी घ्यायचे. हिंदी महासागरात गलबतं चालवणारे अरब आणि भारतीय तांडेल ध्रुव क्षितिजावर किती बोटं आहे ते बघत. कोणतं बंदर किती बोटांवर, हे त्यांना तोंडपाठ. तेवढी बोटं ध्रुव वर आला की गलबत पूर्वेला किंवा पश्चिमेला वळवायचं, बंदर समोर येणारच.

पुढं अठराव्या शतकात सवाई जयसिंहांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन अशा ठिकाणी वेधशाळा बांधल्या. तिथल्या सम्राट यंत्राची मोठी तिरपी भिंत ध्रुवाकडं रोखलेली असते. जयपूरला ती सत्तावीस अंश तिरपी आहे, उज्जैनला तेवीस. एका गावाचं यंत्र जसंच्या तसं दुसऱ्या गावात बांधलं तर ते खोटी वेळ दाखवील. तळेगावला असं यंत्र बांधायचं झालं तर भिंतीचा तिरपेपणा पावणेएकोणीस अंशच ठेवावा लागेल.

मैत्रिणींनो, आता आपल्या माणसांकडं येऊ. मराठी माणसं एका जागी राहिली नाहीत आणि त्यांच्याबरोबर त्यांचं आकाशही बदलत गेलं. याच तळेगावच्या दाभाडे घराण्याकडं मराठ्यांचं सेनापतिपद होतं. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले. त्यानंतर त्यांच्या मातोश्री उमाबाई दाभाडे यांनी घराण्याचा आणि गुजरातेतल्या मुलखाचा कारभार हाती घेतला. त्यांची समाधी आजही तळेगावात आहे. इथून निघून गुजरातेत अहमदाबादपर्यंत गेलेल्या माणसाला ध्रुव इथल्यापेक्षा दोन बोटं वर दिसतो आणि अगस्त्य दोन बोटं खाली. १७५८ साली मराठी फौजा अटकेला पोचल्या. तिथं ध्रुव चौतीस अंशांवर, आणि आपल्याकडं वीतभर येणारा अगस्त्य क्षितिजाच्या धुळीत दोन बोटांवर. उलट दिशेला, सतराव्या शतकात तंजावरला मराठ्यांचं राज्य झालं आणि मराठी कुटुंबं तिकडं वसली. तिथं ध्रुव एका मुठीवर आला आणि अगस्त्य चांगला साडेसव्वीस अंशांपर्यंत चढला. एकच भाषा बोलणारी माणसं, पण अटक आणि तंजावर यांच्या ध्रुवात तेवीस अंशांचा फरक.

सगळ्यांत मोठा बदल पाहिला तो मॉरिशसला गेलेल्या बायकांनी. १८३४ नंतरच्या काळात ऊसमळ्यांवर मजुरीसाठी हिंदुस्थानातून हजारो माणसं करारानं तिकडं नेली गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती. आजही मॉरिशसमध्ये मराठी समाज आहे, तिथं गणेशोत्सव होतो. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला वीस अंशांवर आहे. म्हणजे जहाज दक्षिणेला जाऊ लागलं की ध्रुव रोज रात्री थोडा थोडा खाली जाणार आणि विषुववृत्त ओलांडलं की बुडणार. मग मॉरिशसमध्ये त्या बाईला ध्रुव पुन्हा कधीच दिसणार नाही. म्हातारीची बाज दिसेल, पण उत्तरेला अगदी क्षितिजालगत. तिकांडं दिसेल, पण उत्तरेकडं आणि उलटं. अगस्त्य मात्र खूप वर, तीन विती चढलेला. सासर-माहेर तर दुरावलंच होतं, पण ज्या ताऱ्यावर रात्र मोजायची तोही मागं राहिला. वेळ कळायला तिला पुन्हा नव्यानं आकाश शिकावं लागलं असणार.

ध्रुवाची आणि बाईची गाठ आपल्याकडं लग्नातच पडते. लग्न लागलं की नवरीला ध्रुव दाखवतात, सप्तर्षी आणि अरुंधती दाखवतात. हा विधी फार जुना आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात सांगितलं आहे की नवरीनं ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी दिसेपर्यंत मौन पाळावं आणि ते दिसल्यावर बोलावं. म्हणजे तारे खरोखर उगवायचे, ती खरोखर बघायची. पण पारस्कर गृह्यसूत्रात आणखी एक गोष्ट आहे. नवरीला ध्रुव दिसला नाही तरी तिनं 'दिसतो' असंच म्हणावं, असं तिथं लिहिलं आहे.

यावर आपण थोडं थांबू. विधी म्हणून ते चालून जात असेल. आज तर लग्नं भर दुपारी लागतात, मांडवाच्या छताकडं बोट दाखवतात आणि नवरी मान हलवते. कुणाचं त्यात काही बिघडत नाही, असं म्हणता येईल. पण न दिसलेलं 'दिसलं' म्हणायची सवय बाईला तिथून लागते आणि ती एका ताऱ्यापुरती राहत नाही. न पटलेलं पटलं म्हणायचं, न वाचलेल्या कागदावर अंगठा किंवा सही द्यायची, न मोजलेले पैसे मोजले म्हणायचे. बचत गटात हिशेबाची वही सगळ्यांसमोर वाचली पाहिजे असं आपण ज्यासाठी म्हणतो, त्याचंच हे दुसरं टोक आहे. वराहमिहिर म्हणाले, प्रत्येक गावानं आपलं गणित आपण करावं. आम्हाला तोच सल्ला पटतो. मॉरिशसच्या नवरीला ध्रुव दिसतच नाही आणि 'दिसत नाही' हेच तिचं खरं उत्तर आहे. तळेगावच्या नवरीला तो दिसू शकतो, फक्त रात्र पाहिजे आणि तो कुठं आहे ते कुणीतरी नीट दाखवलं पाहिजे.

आकाशावरून माणसाची जागा ओळखता येते, या विचारानं लोकमान्य टिळकांनाही झपाटलं होतं. आपल्या तळेगावचा काच कारखाना ज्या पैसा फंडातून १९०८ साली उभा राहिला, त्या फंडाला टिळकांचं पाठबळ होतं. त्याच टिळकांनी १९०३ साली एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. वेदांत दीर्घ पहाटेचं आणि लांब रात्रीचं वर्णन आहे, असं आकाश पृथ्वीच्या उत्तर टोकाजवळच दिसतं, म्हणून ती माणसं मूळची तिकडची, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्या अभ्यासकांनी तो मानला नाही. पण लिहिणाऱ्याचं आकाश बघून त्याचं गाव शोधायचं, ही त्यांची रीत मात्र विचार करायला लावते.

आणि हे सगळं जुन्या काळापुरतं नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला, मोठाली तबकडं उभी आहेत. एकूण तीस आणि प्रत्येकाचा व्यास पंचेचाळीस मीटर. ताऱ्यांकडून आणि दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ती पकडतात. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं ही दुर्बीण झाली. जागा निवडताना जी कारणं पाहिली त्यात अक्षांश होता. फार दक्षिणेला गेलं तर वातावरणाच्या वरच्या थरांचा त्रास वाढतो, आणि फार उत्तरेला गेलं तर दक्षिणेचं आकाश दिसत नाही. आपला पट्टा मधला. इथून उत्तरेचं आकाश तर दिसतंच, दक्षिणेचंही बरंच दिसतं. वैशाखात रात्री दक्षिणेला अगदी खाली त्रिशंकूचे चार तारे आपल्याला पुरे दिसतात, दिल्लीला त्यातला सगळ्यांत खालचा तारा वर येतच नाही. जे आजीला अंगणातून दिसत होतं, त्याची किंमत शास्त्रज्ञांनीही केली.

पण आता अंगणातून काय दिसतं? इंद्रायणीच्या पलीकडं, उत्तरेला, औद्योगिक वसाहत आहे. त्यापुढं चाकण. खाली देहूरोड, पिंपरी-चिंचवड. रात्रभर दिव्यांचा उजेड आभाळात चढतो. ध्रुव काही फार तेजस्वी तारा नाही, मध्यम उजेडाचा आहे, आणि आपल्याकडं तो वीतभरच उंच असल्यानं उजेडाच्या पट्ट्यात सापडतो. दिल्लीच्या किंवा काश्मीरच्या माणसाला तो वर तरी शोधता येतो, आपला ध्रुव आधी बुडतो. अगस्त्य तेजस्वी असल्यानं टिकून आहे, पण क्षितिजाशी असलेले त्रिशंकूचे तारे हरवत चाललेत.

दिवे नकोत असं आम्ही म्हणत नाही. रात्रपाळीहून परतणाऱ्या मुलीला रस्त्यावर उजेड हवाच, आणि तो मागायचा आपला हक्क आहे. पण दिव्याला वरून झाकण असलं, उजेड खाली रस्त्यावर पडला, तर रस्ता जास्त उजळतो आणि आभाळही राहतं. आभाळात गेलेला उजेड कुणाच्याच पायाखाली पडत नाही, त्याचं बिल मात्र ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद आपल्याच पैशांतून भरते. पुढच्या ग्रामसभेत नवीन दिव्यांचा विषय निघाला तर हे विचारायला हरकत नाही.

आता तुमच्या गटासाठी एक काम. महाशिवरात्रीला आपण जागरण करतोच. घोरावडेश्वराच्या डोंगरावर तर जत्रा असते. त्या रात्री चंद्र पहाटेपर्यंत उगवत नाही, म्हणून आकाश काळोखं असतं. रात्री आठ-नऊच्या सुमारास दिव्यांपासून जरा बाजूला जा. आधी तिकांडं शोधा. त्याच्या ओळीनं डाव्या हाताला, म्हणजे आग्नेयेच्या अंगाला खाली आलं की व्याध चमकताना दिसेल. व्याधापासून सरळ खाली दक्षिण क्षितिजाकडं उतरा. तिथं जो एकटा तेजस्वी तारा आहे तो अगस्त्य. हात ताणा, वीत धरा. मग मागं वळा. ईशान्येला म्हातारीची बाज उगवत असेल. बाजेच्या, चोरांपासून लांबच्या बाजूला जे दोन खूर आहेत, त्यांची रेघ उत्तरेकडं पाचपट वाढवा. तिथं ध्रुव. पुन्हा वीत धरा. दोन्ही बाजूंना वीत सारखी भरते का, ते तुम्हीच सांगा.

काठीचा प्रयोग २१ मार्चच्या किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास करा. आपल्याकडं सूर्य घड्याळाच्या बारा वाजता मध्यावर येत नाही, साधारण साडेबारा ते पाऊण या वेळात येतो. म्हणून सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा आणि सगळ्यांत आखूड सावली मोजा. काठीचा तिसरा हिस्सा आला तर तुमचा हिशेब बरोबर.

आपल्या भागात आता बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, तमिळनाडू अशा कितीतरी ठिकाणच्या बायका कामासाठी आल्या आहेत. त्यांना विचारा, तुमच्या गावी ध्रुव किती वर दिसायचा, ताऱ्यांना तुम्ही काय म्हणता. पाटण्याकडची बाई ध्रुव उंच सांगेल, चेन्नईकडची खाली सांगेल, आणि दोघींचंही खरं असेल. तसंच घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तिकांडं, बाज, शुक्राची चांदणी, आणखी काय नावं होती, कोणत्या महिन्यात कोणता तारा बघून उठायच्या. गटाच्या वहीत एक पान त्यासाठी ठेवा, गावाचं नाव आणि तारीख घालून. दोन्ही विती मोजल्यात तर त्याही लिहा. नाही दिसलं तर 'दिसलं नाही' असं लिहा, आणि का दिसलं नाही तेही लिहा. ढग होते, डोंगर होता की दिवे होते.

तुमची पानं आमच्याकडं पाठवा. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात आम्ही ती वाचून दाखवू.